पंधरा लाखांचं बोगोता

बोगोतात दिशा विचारावी लागत नाही. शहराच्या पूर्व अंगाला मोन्सेर्राते आणि ग्वादालुपे हे डोंगर सरळ उठलेले आहेत. ते डाव्या हाताला असले की तोंड दक्षिणेकडे, उजव्या हाताला असले की उत्तरेकडे. डोंगरांना समांतर धावणारे रस्ते म्हणजे ‘कारेरा’, डोंगरपायथ्यापासून पश्चिमेच्या पठाराकडे जाणारे रस्ते म्हणजे ‘काये’, आणि दोन्हींना क्रमांक दिलेले. ‘काये २६, कारेरा ७’ एवढं सांगितलं तरी नवखा माणूस पोचतो. कोलंबियाची ही राजधानी समुद्रसपाटीपासून सुमारे २,६०० मीटरवर आहे. विषुववृत्त इतकं जवळ असूनही अंगातलं स्वेटर उतरत नाही, आणि ढग डोंगरावरून कधी खाली येतील याचा भरवसा नसतो.

या शहरासाठी १९४९ ते १९५३ या काळात एक विकास आराखडा तयार झाला. महाराष्ट्रातल्या नगरपालिकांचे आराखडे करण्यात माझी नोकरी गेली, आणि आता मी नगररचना शिकवते. वर्गात मी पुण्या-मुंबईच्या नकाशांआधी बोगोताचा हा नकाशा भिंतीवर लावते. मुलं विचारतात, इतक्या लांबचं शहर कशाला? आराखड्यात काय काय नीट दिसतं आणि कोण दिसत नाही, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारा दुसरा कागद मला माहीत नाही, म्हणून.

दुसरं कारण चंदीगड. आमच्या पिढीच्या नगररचनाकारांनी चंदीगडची वारी केलेलीच असते. विद्यार्थिदशेत मीही तिथल्या सेक्टरांतून पाय दुखेपर्यंत हिंडले. आठशे मीटर बाय बाराशे मीटरचा एक सेक्टर. आत शाळा, दुकानं, बाग. वेगाची वाहनं सगळी बाहेरून. या मापाचं मूळ, बोगोता आणि चंदीगड या दोन्ही शहरांच्या आराखड्यांवर काम केलेल्या ल कॉर्बुझिए या वास्तुरचनाकाराने स्वतःच सांगून ठेवलं आहे. स्पॅनिश लोकांनी दक्षिण अमेरिकेत शहरं वसवली ती चौकोनी ठोकळ्यांची. शंभर-एकशेदहा मीटरचा एक ठोकळा, त्याला ‘क्वाद्रा’ म्हणतात. असे सात-आठ ठोकळे एका अंगाला आणि दहा-बारा दुसऱ्या अंगाला धरले की चंदीगडचा सेक्टर होतो. शिवालिकच्या पायथ्याचं आपलं शहर मोजायची पट्टी अँडीजच्या बाजूने आली होती.

चाळीसच्या दशकातलं बोगोता हे भराभर फुगणारं शहर होतं. १९३८ साली शहराला चारशे वर्षं पूर्ण झाली तेव्हा वस्ती सव्वातीन लाखांच्या घरात होती. १९५१ च्या जनगणनेत ती सात लाखांच्या पुढे गेली. तेरा वर्षांत दुपटीहून जास्त. नगररचनेचं काम तिथे शून्यापासून सुरू झालं नव्हतं. कार्ल ब्रुन्नर नावाच्या ऑस्ट्रियन नगररचनाकाराने तिसाच्या दशकात शहराचा नगररचना विभाग उभा केला होता. त्याने पालेर्मो, बोस्के इस्किएर्दो, एल काम्पिन असे एकेक मोहल्ले आखले, उताराप्रमाणे रस्ते वळवले, झाडांना जागा ठेवली. ब्रुन्नरबद्दल मला फार आदर आहे. तो शहर तुकड्यातुकड्याने शिवत होता. पण महायुद्धानंतर जगभरच्या तरुण वास्तुरचनाकारांना तुकडे नको होते, अख्खं शहर नव्याने मांडायचं होतं.

तशी मांडणी करून देणारा सगळ्यांत गाजलेला माणूस म्हणजे ल कॉर्बुझिए. १९२९ पासून दक्षिण अमेरिकेतल्या शहरांसाठी तो कल्पना काढत होता, ब्वेनोस आयरेससाठी एक मोठा आराखडाही त्याने काढून ठेवला होता. पण कामं काही मिळत नव्हती. न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयाची जुळवाजुळव चालू असताना एदुआर्दो सुलेता आंखेल या कोलंबियाच्या मुत्सद्द्याशी त्याची ओळख झाली. सुलेतांनी त्याला बोगोताला बोलावलं. तेव्हाचे महापौर फेर्नांदो मासुएरा विलेगास हे कामाचा उरक असलेले, रस्ते काढण्याची घाई असलेले गृहस्थ. जून १९४७ मध्ये ल कॉर्बुझिए विमानातून उतरला तेव्हा वास्तुकलेचे विद्यार्थी घोषणा देत स्वागताला आले होते. कोलोन नाट्यगृहात त्याची व्याख्यानं झाली. डोंगर पाहून तो हरखला, वहीत त्याने ते पुन्हा पुन्हा काढले. पुढे १९५१ पर्यंत तो या शहरात पाच वेळा आला.

मध्ये ९ एप्रिल १९४८ हा दिवस आला. दुपारी एकच्या सुमारास, कारेरा सात आणि हिमेनेस रस्ता जिथे मिळतात त्या भागात, खोर्खे एलिएसेर गायतान या लोकप्रिय नेत्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. गरिबांचा तो आवाज होता आणि पुढचा राष्ट्राध्यक्ष होणार असं लाखो लोक धरून चालले होते. मारेकऱ्याला जमावाने जागीच ठार केलं. मग शहर पेटलं. ट्रामगाड्या जळाल्या, दुकानं लुटली गेली, मध्यवस्तीतल्या सरकारी इमारतींची राख झाली. त्याच आठवड्यात तिथे अमेरिका खंडातल्या राष्ट्रांची परिषद भरलेली होती. पुढे कादंबरीकार झालेला गाब्रिएल गार्सिया मार्केस तेव्हा तिथे कायद्याचा विद्यार्थी होता. या दंगलीनंतर तो बोगोता सोडून किनाऱ्याकडे गेला. खेड्यापाड्यांतून उदारमतवादी आणि परंपरावादी पक्षांतली मारामारी आधीपासून चालू होती, ती आता अनेक वर्षं पेटत राहिली. त्यात दोन लाखांच्या आसपास माणसं मारली गेली असं मानतात. बोयाका, तोलिमा, कुंदिनामार्का या प्रांतांतली शेतकरी कुटुंबं बोचकी बांधून राजधानीच्या वाटेला लागली. ही वाट आपण ध्यानात ठेवू.

जळलेल्या मध्यवस्तीत मोकळ्या झालेल्या जागा पाहून आराखड्याची निकड एकदम वाढली. १९४८ सालीच कोलंबियात एक कायदा झाला, त्याने एकाच इमारतीतला एकेक मजला किंवा सदनिका वेगळ्या मालकीची करता येऊ लागली. उंच इमारतींची कायदेशीर वाट यातून निघाली. मार्च १९४९ मध्ये करार झाला. ल कॉर्बुझिएने पॅरिसमध्ये बसून ‘प्लान पिलोतो’, म्हणजे शहराची ठळक रूपरेषा, काढायची. जोसेप लुईस सर्ट आणि पॉल लेस्टर वीनर यांनी न्यूयॉर्कच्या कार्यालयातून तिचा ‘प्लान रेगुलादोर’, म्हणजे रस्त्यांच्या रुंदीपासून बांधकामाच्या नियमांपर्यंतचा तपशील, तयार करायचा. बोगोतात हर्बर्ट रिटर यांच्या हाताखाली एक कार्यालय उघडलं. तिथल्या कोलंबियन तरुणांनी वस्त्यांची मोजणी करून माहिती पुरवायची. सर्ट हा बार्सेलोनाचा, फ्रँकोच्या राजवटीमुळे देश सोडावा लागलेला. आधुनिक वास्तुरचनाकारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा तो त्या वेळी अध्यक्ष होता आणि वीनरबरोबर मेडेयिन, काली, तुमाको या कोलंबियन शहरांचेही आराखडे करत होता.

ऑगस्ट १९४९ मध्ये ही सारी मंडळी दक्षिण फ्रान्समधल्या रोकब्रुन या समुद्रकाठच्या गावी जमली. जेवण शेजारच्या रेबुताटो नावाच्या माणसाच्या खाणावळीत. त्या ओळखीतूनच ल कॉर्बुझिएने पुढे खाणावळीला लागून आपली ती प्रसिद्ध लाकडी खोली बांधली. भूमध्य समुद्राच्या काठी, उन्हाळी सुट्टीच्या दिवसांत, एका थंड पावसाळी शहराचं पन्नास वर्षांचं भवितव्य कागदावर उतरत होतं.

आता आराखडा पाहू. चार मापांत तो काढला आहे: प्रदेश, महानगर, शहर आणि नागरी केंद्र. म्हणजे दुरून जवळ येत जायचं. प्रदेशाच्या नकाशात पठार, बोगोता नदी आणि बाहेर जाणारे रस्ते. शेवटच्या नकाशात बोलिव्हार चौकाभोवतीचं सरकारचं आवार. शहर म्हणजे राहणं, काम करणं, मन आणि शरीर ताजं करणं आणि ये-जा करणं, ही चार कामं. प्रत्येकाला जागा वेगळी. डोंगरांना समांतर एक लांबट शहर, त्याची निश्चित हद्द, आणि ती हद्द ओलांडायची नाही. बाहेरच्या पठारावर शेती राहील, आतल्या रिकाम्या जागा भरून शहर दाट होईल.

मला यातला सगळ्यांत शहाणा भाग पाण्याचा वाटतो. बोगोताच्या पूर्वेच्या डोंगरांतून अनेक ओढे-नद्या उतरतात. शहराने काय केलं होतं? सान फ्रान्सिस्को नदी दुर्गंधीला कंटाळून झाकून टाकली आणि तिच्यावरून रस्ता नेला. वर उल्लेख आला तो हिमेनेस रस्ता म्हणजे तीच नदी. सरळ रेघांच्या शहरात तो एकटाच वळणं घेत जातो, कारण खाली नदीचं पात्र आहे. आराखड्याने असे प्रवाह हिरव्या पट्ट्यांसह डोंगरापासून पठारापर्यंत शहरातून न्यायचं ठरवलं. शाळा, खेळाची मैदानं, पायवाटा त्या पट्ट्यांत. मुळा-मुठेच्या पात्रातला राडारोडा आणि मिठी नदीचा २६ जुलै २००५ चा पूर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या एका मुद्द्याची किंमत वेगळी सांगायला नको.

दुसरा भाग रस्त्यांचा. ल कॉर्बुझिएने रस्त्यांच्या सात जाती ठरवल्या. पहिली जात गावांना जोडणारा महामार्ग. दुसरी शहरातला प्रमुख मार्ग. तिसरी सेक्टरच्या कडेने जाणारा, फक्त वेगवान वाहनांचा. त्यावर एकही घराचं दार उघडायचं नाही. चौथी बाजाराची गल्ली. पाचवी आणि सहावी दारापर्यंत पोचवणाऱ्या. सातवी झाडांतून जाणारी, पायी चालणाऱ्यांची. हा नियम बोगोताच्या कागदावर कसाला लागला आणि चंदीगडच्या जमिनीवर उतरला. नोव्हेंबर १९५० मध्ये पी. एन. थापर आणि पी. एल. वर्मा हे पंजाब सरकारचे अधिकारी पॅरिसला त्याच्या दारी पोचले तेव्हा बोगोताची रूपरेषा नुकतीच शहराच्या हवाली झालेली होती. फेब्रुवारी १९५१ मध्ये तो भारतात आला आणि काही आठवड्यांत चंदीगडचा आराखडा मांडून मोकळा झाला. दोन वर्षं बोगोतावर घासलेला हात होता तो.

तिसऱ्या भागापाशी मात्र मी त्याच्या विरोधात उभी राहते. बोलिव्हार चौकाभोवतीच्या जुन्या शहरात त्याने कॅथेड्रल, संसद अशा निवडक वास्तू ठेवल्या आणि बाकीच्या वसाहतकालीन घरांच्या जागी उंच इमारती आणि मोकळी पटांगणं काढली. ला कांदेलारिया हा आजचा जुना भाग, कौलारू घरांचा, आतल्या चौकांत फुलझाडं लावलेला, जवळजवळ पूर्णपणे कागदावरून पुसला गेला होता. आज त्याच गल्ल्यांतून विद्यापीठांची मुलं, चहा-कॉफीच्या टपऱ्या, पुस्तकांची दुकानं आणि मुक्कामी राहणारी जुनी कुटुंबं एकत्र नांदतात. हे सगळं वाचलं, कारण आराखड्याचा हा भाग अमलात आला नाही. वास्तू निवडून ठेवता येतात, पण वस्ती म्हणजे त्यांच्यामधली साधी घरं असतात, आणि ती कुणाच्या यादीत नसतात.

आणि आता तो आकडा. आराखडा पन्नास वर्षांसाठी होता, आणि पन्नास वर्षांनी, म्हणजे २००० च्या सुमारास, बोगोताची लोकसंख्या पंधरा लाख होईल असं त्यात धरलं होतं. सगळं त्याच्यावर बेतलेलं: सेक्टर किती, शाळा किती, पाणी किती, हद्द कुठे. १९६४ च्या जनगणनेत बोगोताची लोकसंख्या सतरा लाखांजवळ गेली. पन्नास वर्षांचं शहर चौदा वर्षांत भरून वाहू लागलं.

लोकसंख्येचा अंदाज कसा काढतात ते मी आयुष्यभर केलं आहे. मागच्या जनगणना घ्यायच्या, वाढीचा वेग काढायचा, रेघ पुढे ओढायची. या पद्धतीत वाईट हेतू नाही. पण ती रेघ गावात आधीपासून असलेल्या माणसांच्या आधारावर उभी राहते. बोयाकातल्या ज्या शेतकऱ्याच्या गावावर १९५० साली हल्ला होणार होता, तो त्या रेघेत नव्हता. बोगोताचा आराखडा चालू असताना देशात यादवी चालू होती, माणसं रस्त्याने चालत येत होती, आणि कागदावर त्यांच्या नावाची एकही खोली नव्हती. माझ्या मते या आराखड्याचा खरा दोष इथे आहे, काँक्रीटच्या उंच इमारतींत किंवा परदेशी माणसाच्या अहंकारात नव्हे, जे दोष टीकाकार नेहमी काढतात. येणाऱ्या माणसाला त्यात दार नव्हतं.

हद्दीच्या रेघेचा परिणाम उलटा झाला. रेघेच्या आत पाणी, गटार, वीज देण्याची पालिकेची जबाबदारी, बाहेर नाही. म्हणून बाहेरची जमीन स्वस्त. शेतमालक किंवा मधला माणूस चुन्याने फक्की मारून भूखंड पाडत आणि हप्त्याने विकत. कागद असे, पण पाण्याचा नळ नसे. आपल्याकडे याला गुंठेवारी म्हणतात. मी आराखड्यावरच्या हरकतींच्या सुनावणीला बसत असे तेव्हा स्टॅम्पपेपरवरची साठेखतं प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणणारी माणसं समोर यायची. प्रत्येकाने पै-पैसा देऊन जमीन घेतलेली असायची आणि आमच्या नकाशात तिथे हिरवा रंग असायचा. बोगोताच्या दक्षिणेच्या टेकड्यांवर, पुढे सिउदाद बोलिव्हार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अफाट वस्तीत, हेच लाखोंच्या बाबतीत घडलं. त्यांनी आधी घर बांधलं, मग रस्ता मागितला, मग पाणी, मग बस. शहर होण्याचा क्रम तिथे उलटा चालला.

आराखड्याच्या कागदी आयुष्याबद्दल थोडक्यात. एप्रिल १९५१ मध्ये महापौरांनी हुकूम काढून रूपरेषा मंजूर केली. सर्ट-वीनर यांचा तपशीलवार आराखडा १९५३ मध्ये आला आणि त्याच जूनमध्ये जनरल गुस्ताव्हो रोखास पिनीया यांनी सत्ता ताब्यात घेतली. लष्करी सरकारला मोठं, ताबडतोब दिसणारं शहर हवं होतं. १९५४ साली उसाकेन, सुबा, एंगातिवा, फोंतिबोन, बोसा आणि उस्मे ही सहा शेजारची गावं बोगोताला जोडली गेली. दाट आणि आटोपशीर शहराची रेघ एका फटक्यात पुसली. पश्चिमेला एल दोरादो विमानतळ आणि तिकडे जाणारा काये २६ चा रुंद मार्ग झाला, वाटेत सरकारी कचेऱ्यांचं नवं आवार आलं. जुन्या तेचो विमानतळाच्या जमिनीवर डिसेंबर १९६१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या उपस्थितीत मोठ्या गृहवसाहतीची कोनशिला बसली. त्यांच्या हत्येनंतर वसाहतीला त्यांचंच नाव मिळालं. श्रीमंत उत्तरेला सरकत गेले, गरीब दक्षिणेला आणि पश्चिमेला.

म्हणून बरेच जण लिहितात की बोगोताच्या आराखड्यातून काहीच निघालं नाही. मला हे पटत नाही, आणि त्याचं कारण पॅरिसच्या सेव्र रस्त्यावरच्या ३५ नंबरच्या जागेत आहे. जेझुइट मठातल्या एका लांब, अरुंद खोलीत ल कॉर्बुझिएचं कार्यालय होतं. बोगोताचे कागद तिथे ज्यांच्या हातांखालून गेले त्यांत दोन कोलंबियन तरुण होते: हेर्मान सांपेर आणि रोखेलियो साल्मोना. साल्मोना एप्रिल १९४८ च्या जाळपोळीनंतर शिक्षण अर्धवट टाकून पॅरिसला आलेला. आपल्याच शहराचा, जो नुकताच जळताना पाहिला, त्याचा नवा नकाशा परक्या शहरात बसून काढायचा, हे कसं वाटत असेल? १९५१ मध्ये त्याच खोलीत आणखी एक तरुण दाखल झाला. त्याचा जन्म पुण्याचा, शिक्षण मुंबईच्या जे. जे. चं. नाव बाळकृष्ण दोशी. तिघेही ल कॉर्बुझिएकडे अनेक वर्षं राबले आणि तिघांनीही पुढे आपापल्या देशात त्याला उत्तर दिलं.

सांपेर परतला. बोगोतातलं लुईस आंखेल अरांगो ग्रंथालय आणि सुवर्ण संग्रहालय या इमारतींशी त्याचं नाव जोडलेलं आहे. मला मात्र त्याचं ला फ्राग्वा हे काम सर्वांत मोठं वाटतं. १९५८ साली शहराच्या दक्षिणेला शंभराच्या आसपास कुटुंबांनी आपली घरं स्वतःच्या हाताने बांधायला घेतली. सांपेर आणि त्याची पत्नी योलांदा मार्तीनेस त्यांच्याबरोबर होते. आठवडाभर कामावर जाणारी माणसं सुट्टीच्या दिवशी विटा रचायला येत. घर एकदम पुरं करायचं नाही. आधी निवाऱ्यापुरतं, मग पैसा येईल तसं मागे आणि वर वाढवायचं, पुढे दुकान काढता यावं, एखादी खोली भाड्याने देता यावी. शहरात नव्याने आलेलं कुटुंब नेमकं हेच करतं. सांपेरने त्याला भिंती कुठे घ्यायच्या ते दाखवलं.

त्याच काळात बोगोतात गृहनिर्माणाचा अभ्यास करणारी ‘सिनवा’ ही आंतरअमेरिकी संस्था काम करत होती. राऊल रामिरेस या चिलीच्या अभियंत्याने तिथे मातीच्या विटा दाबायचं हातयंत्र तयार केलं. माती, थोडं सिमेंट, एक लांब दांडा आणि दोन माणसांचा जोर. भट्टी नको, वीज नको. सिनवा-रॅम या नावाने ते जगभर गेलं. आपल्याकडे स्वस्त घरबांधणीचं काम करणाऱ्या अभियंत्यांना ते चांगलं ठाऊक आहे.

दोशींनी इंदूरला अरण्य ही वसाहत केली, तिचं तत्त्व याच्या अगदी जवळचं. गरीब कुटुंबाला जोतं, संडास आणि पाण्याची सोय बांधून द्यायची, वरचं घर त्याने आपल्या ऐपतीने उभं करायचं. सेक्टर आखणाऱ्या गुरूच्या हाताखाली शिकलेल्या, दोन खंडांतल्या दोन माणसांनी एकाच जागी येऊन पोचावं, याचं मला राहून राहून नवल वाटतं. बहुधा दोघांनीही सेक्टरचे कागद इतके काढले होते, की त्यात कोण राहणार नाही हे त्यांना फार जवळून दिसलं.

साल्मोना १९५८ च्या सुमारास परत आला. त्याने काँक्रीटऐवजी बोगोताची लाल वीट हाती धरली. त्या विटांमागे शहराच्या कडेच्या वीटभट्ट्यांवर मुलाबाळांसह राबणारी कुटुंबं होती. मार्ता रोद्रिगेस आणि खोर्खे सिल्वा यांनी त्यांच्यावर ‘चिर्कालेस’ हा माहितीपट केला, तो मी विद्यार्थ्यांना न चुकता दाखवते. बैलझुंजीच्या गोल आखाड्याला लागून साल्मोनाने ‘तोर्रेस देल पार्के’ हे तीन मनोरे बांधले. पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारे, वळण घेणारे, पाठीमागच्या डोंगराला न झाकणारे. खाली कुंपण नाही. पायऱ्या आणि वाटा कुणालाही खुल्या. मी तिथे दुपारभर बसले होते. शाळेतून परतणारी मुलं, कुत्र्याला फिरवणाऱ्या आजी, बागेकडे निघालेले फेरीवाले, सगळे त्या खासगी इमारतीच्या अंगणातून बिनदिक्कत जात होते. आपल्या गृहसंकुलांच्या फाटकांवरची रखवालदारांची वही आठवून मला वाईट वाटलं.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस साल्मोनानेच हिमेनेस रस्ता पुन्हा आखला. मोटारी कमी केल्या, विटांची फरसबंदी केली आणि झाकलेल्या सान फ्रान्सिस्को नदीच्या वाटेवर उथळ कुंडांतून पाणी खेळवत उतारावर नेलं. पन्नास वर्षांपूर्वी ज्या आराखड्याच्या कागदांवर त्याने काम केलं, त्यातला पाण्याचा विचार असा एका रस्त्यापुरता जमिनीवर आला. डिसेंबर २००० मध्ये आवेनिदा काराकासवर ट्रान्समिलेनियो ही बससेवा सुरू झाली, आणि तिचा आदर्श सांगत २००६ साली पुण्यात बसगाड्यांसाठी राखलेले बीआरटीचे मार्ग आले. बोगोताकडून काय शिकायचं याची आपली चर्चा बहुतेक वेळा त्या बसथांब्यांपाशीच थांबते.

बोगोताची वस्ती आता सत्तर लाखांच्या वर आहे. हद्दीचं भांडण मिटलेलं नाही. शहराच्या उत्तर टोकाला सुमारे चौदाशे हेक्टरचं एक राखीव क्षेत्र आहे, थॉमस व्हान देर हामेन या शास्त्रज्ञाच्या नावाचं, २०११ साली जाहीर झालेलं. पूर्वेचे डोंगर आणि पश्चिमेची बोगोता नदी यांना जोडणारा हा पट्टा राहावा, असं पर्यावरणाचे अभ्यासक म्हणतात. २०१६ नंतर महापौर एन्रिके पेन्यालोसा यांनी तिथे घरं बांधायचा बेत मांडला. त्यांचं म्हणणं असं, की शहराला घरं लागणारच. इथे नाही बांधली तर लोक पट्टा ओलांडून आणखी लांबच्या गावांत जातील आणि रोज तासन्‌तास प्रवास करतील. त्यांच्यानंतरच्या महापौर क्लाउदिया लोपेस यांनी राखीव क्षेत्राची बाजू घेतली.

मी राखीव क्षेत्राच्या बाजूची आहे. डोंगरापासून नदीपर्यंत सलग हिरवा पट्टा ठेवायचा, हे १९५० सालच्या कागदावर बरोबर होतं आणि आजही बरोबर आहे. पण पेन्यालोसांचा प्रश्न टाळून ही बाजू घेता येत नाही. पट्टा राखायचा असेल तर त्याच नकाशावर, त्याच दिवशी, येणाऱ्या कुटुंबांची जागा दाखवायला हवी: काये २६ लगतच्या सरकारी कचेऱ्यांच्या ऐसपैस आवारांत, मध्यवस्तीतल्या रिकाम्या पडलेल्या मजल्यांत, जिथून कामावर चालत जाता येईल अशा ठिकाणी, आणि ला फ्राग्वासारखी हप्त्याहप्त्याने वाढवता येतील अशी घरं. माझ्या वर्गातल्या मुलांना वर्षअखेरीस मी हाच अभ्यास देते. बोगोताच्या नकाशावर हिरवा रंग भरायच्या आधी त्यांनी मला दहा हजार घरांच्या जागा दाखवायच्या असतात.